विश्लेषण : माहीम-पालघर पट्ट्यात हिरवाई भरपूर, मग उद्याने कुठे आहेत?

पालघर, बोईसर किंवा माहीममधील कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी तासभर मोकळ्या हवेत बसायचे असेल, तर पावले समुद्राकडे, सुरूच्या बनाकडे किंवा एखाद्या किल्ल्याकडे वळतात. नगर परिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या उद्यानाकडे ती क्वचितच वळतात. किनारा, वाड्या आणि डोंगर एवढे जवळ असताना उद्यानाची गरज आजवर फारशी कोणाला भासली नाही. मात्र जिल्ह्याचे मुख्यालय, उपनगरी रेल्वे, औद्योगिक वसाहत आणि आता वाढवण बंदर यांमुळे हा पट्टा झपाट्याने शहर होत आहे. येथे फिरण्यासाठी नेमक्या कोणत्या जागा आहेत, त्या कोणाच्या मालकीच्या आहेत आणि उद्या त्या उरतील का, याचा हा आढावा.

हे कोणते माहीम आणि ही चर्चा आताच का?

माहीम म्हटले की बहुतेकांना मुंबईतील दादर-वांद्रे यांच्यामधले माहीम आठवते. येथे चर्चा आहे ती पालघर तालुक्यातील, केळवे गावाला लागून असलेल्या माहीमची. जुन्या कागदपत्रांत हे जोडगाव ‘केळवे-माहीम’ असेच येते. ब्रिटिशकाळात माहीम हे तालुक्याचे ठिकाण होते. पुढे रेल्वेमुळे पालघरचे महत्त्व वाढले आणि तालुक्याचा कारभार तिकडे गेला. पालघर स्थानकापासून सात-आठ किलोमीटर अंतरावर असलेले माहीम आज ग्रामपंचायतीचे गाव आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातील ३६वा जिल्हा झाला. त्याआधी, १६ एप्रिल २०१३ रोजी, विरारपर्यंत धावणारी उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत पोहोचली होती. केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर ही स्थानके लोकलच्या नकाशावर आली आणि मुंबईत परवडणारे घर न मिळालेल्या नोकरदारांना हा पट्टा जवळचा वाटू लागला. पालघर-बोईसर मार्गावर कोळगाव येथे सिडकोने बांधलेल्या जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झाले. मुख्यालय उभारण्याच्या मोबदल्यात सिडकोला मिळालेल्या सरकारी जमिनीवर नवे शहर आकाराला येत आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे. विरार-डहाणू मार्गाच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या, ७६ हजार २२० कोटी रुपये खर्चाच्या वाढवण बंदराची त्यात भर पडली. एवढ्या प्रकल्पांबरोबर जी वस्ती येईल, तिला घरे आणि रस्ते लागतील, तशीच मोकळी जागाही लागेल.

फिरण्यासाठी नेमक्या जागा कोणत्या?

सर्वात परिचित जागा म्हणजे केळव्याचा किनारा. लांबलचक वाळू, तिला समांतर सुरूचे दाट बन आणि जवळच शितलादेवीचे मंदिर यांमुळे शनिवार-रविवारी येथे मुंबई, ठाण्याहूनही पर्यटक येतात. सुरूच्या बनातच केळव्याचा भुईकोट आहे. तो बराच काळ वाळूत बुजलेला होता आणि दुर्गप्रेमींनी श्रमदानाने मोकळा केला. खाडीच्या तोंडाशी जहाजाच्या आकाराचा पाणकोट दिसतो. ओहोटीच्या वेळीच तेथवर जाता येते, त्यामुळे भरतीची वेळ विचारूनच जावे.

केळव्याच्या गर्दीपासून दूर राहायचे असेल तर उत्तरेला माहीम आणि वडराईचा किनारा आहे. येथे ताडाची आणि सुरूची झाडे आहेत. खाडीकडच्या बाजूला तिवरे आहेत. थंडीत ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलट भागात किनारपक्षी उतरतात. माहीम गावात छोटा किल्ला आहे. किनाऱ्यापासून गावापर्यंतच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ, सुपारी, केळी आणि पानवेलींच्या वाड्या लागतात. सकाळच्या वेळी या रस्त्याने चालत जाणे हाच एक चांगला फेरफटका आहे.

आणखी उत्तरेला शिरगावचा किनारा आणि किल्ला आहे. बुरुज आणि तटबंदी बऱ्यापैकी शाबूत असलेला हा किल्ला आवारातील फांद्या फुटलेल्या ताडामुळे ओळखला जातो. त्याला रावणताड म्हणतात. एरवी ताडाला फांद्या फुटत नाहीत, त्यामुळे लहान मुलांना दाखवण्यासारखे हे झाड आहे. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही सारी ठाणी १७३९च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली. शिरगावच्या पुढे सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले मच्छीमारांचे मोठे बंदर लागते. तेथील किनारा कामाचा आहे, बोटी आणि जाळ्यांचा आहे. पर्यटकांनी तो तसाच पाहावा.

पालघर शहरात गणेशकुंडाचा परिसर हा संध्याकाळी बसण्याचा एक पर्याय आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ब्रिटिशांच्या गोळीबारात बळी पडलेल्या पाच जणांच्या स्मरणार्थ उभारलेला हुतात्मा स्तंभ ही शहराची ओळख आहे. मात्र त्याभोवती रहदारीच अधिक आहे. शहराच्या पूर्वेला, मनोरच्या रस्त्यावर वाघोबा खिंड लागते. बिबट्याला वाघोबा मानून त्याची पूजा करण्याची वारली व इतर समाजांची परंपरा येथील देवस्थानात आजही जिवंत आहे. खिंडीच्या वर काळदुर्ग आहे, तर पावसाळ्यात खाली धबधबा वाहतो. बोईसरकरांसाठी पूर्वेकडे असावा किल्ला, पश्चिमेकडे नवापूर, दांडी, नांदगाव आणि जरा पुढे चिंचणीचा किनारा आहे. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या वसाहतीत झाडी भरपूर असली तरी ती वसाहतीतील रहिवाशांसाठी आहे.

या जागांना उद्यान म्हणता येईल का?

वरच्या यादीतील जवळपास एकही जागा नागरिकांसाठी राखून ठेवलेले उद्यान नाही. नगररचनेच्या भाषेत उद्यान म्हणजे विकास आराखड्यात त्या वापरासाठी आरक्षित असलेली, स्थानिक संस्थेने सांभाळायची आणि कोणालाही विनाअट खुली असलेली जमीन. येथे हिरवाईचे मालक वेगवेगळे आहेत. कोकण किनाऱ्यावरील सुरूची लागवड बहुतांश ठिकाणी वन आणि सामाजिक वनीकरण खात्यांमार्फत झाली आहे. वाळूचा किनारा सरकारचा आहे. वाड्या खासगी आहेत. किल्ल्यांची जबाबदारी वेगळ्या यंत्रणेकडे जाते. डोंगर वन खात्याचे, तिवरांची जमीन काही सरकारी तर काही खासगी.

याचा परिणाम दोन प्रकारे जाणवतो. पहिला रोजच्या सोयींचा. बाके, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, दिवे, कचराकुंडी, जीवरक्षक यांपैकी कोणती गोष्ट कोणी करायची हे ठरलेले नसते. पर्यटकांचा कचरा ग्रामपंचायतीने उचलायचा, पण जमीन तिची नाही. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. शहराची मोकळी जागा मोजताना या जागा हिशेबात धरल्या जात नाहीत. जी जागा हिशेबात नाही, ती कमी झाली तरी कागदावर काहीच कमी होत नाही.

सुरूचे बन उपयोगी की उपद्रवी?

सुरू हे मूळचे भारतीय झाड नाही. ते ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातून आले. वाळूत, खाऱ्या वाऱ्यात ते झटपट वाढते, म्हणून किनाऱ्यावर वारा आणि उडणारी वाळू अडवण्यासाठी त्याची लागवड झाली. केळवे-माहीमच्या बागायतीला त्याचा थेट उपयोग होतो. खारा वारा पानवेल आणि केळीची पाने करपवतो. बन असेल तर मागच्या वाडीला आडोसा मिळतो.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. सुरूची मुळे वाळूत फार खोल जात नाहीत. लाटांनी पायथ्याची वाळू ओढली की झाडे ओळीने आडवी होतात. झाडाखाली सुयांसारख्या पानांचा जाड थर साचतो आणि तेथे दुसरे फारसे काही उगवत नाही. किनाऱ्याची मूळ राखण करणारी झाडे-झुडपे वेगळी आहेत. वाळूवर पसरून तिला धरून ठेवणारी मर्यादावेल, केवड्याची बने, उंडी, निवडुंग यांनी मिळून वाळूच्या टेकड्या टिकतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबई-पालघर किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा घरांचे, बोटींचे आणि बागांचे मोठे नुकसान झाले. अशा वादळांत किनारा वाचवण्याचे काम एकट्या सुरूवर सोडता येत नाही. आहे ते बन राखावे, पडलेल्या झाडांच्या जागी मात्र स्थानिक जातींची मिश्र लागवड करावी आणि वाळूच्या टेकड्यांना हात लावू नये, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

वाळूच्या टेकड्यांचे आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर तयार होतो. हा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटतो. चोरटा वाळूउपसा झाला की किनारा खचतोच, शिवाय मागच्या गावातील विहिरी खारट होण्याचा धोका वाढतो. विहीर खारट झाली की वाडी संपते.

वाड्यांची हिरवाई टिकेल का?

माहीम-केळवे भागाची खरी ओळख वाडीची आहे. वाडवळ आणि इतर बागायतदार समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या येथे नारळ, सुपारी, केळी आणि पानवेल यांची एकमेकांच्या सावलीत वाढणारी मिश्र शेती केली. केळवे-माहीमचे विड्याचे पान राज्याबाहेरच्या बाजारातही जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाडी ही थंडगार सावली वाटते. बागायतदारासाठी ते रोजचे कष्टाचे काम असते. पानवेलीला सतत ओलावा लागतो, वेल बांधावी लागते, पाने खुडून जुड्या लावाव्या लागतात. मजूर मिळत नाहीत, पाण्याचा खर्च वाढतो, अवकाळी पावसाने वेली कुजतात. नवी पिढी मुंबईत किंवा तारापूरच्या कारखान्यांत नोकरी करते.

दुसरीकडे त्याच जमिनीला बंगला, रिसॉर्ट किंवा भूखंड म्हणून मिळणारा भाव पानांच्या उत्पन्नाशी तुलनाच होऊ नये इतका जास्त असतो. अशा वेळी ‘गावाची हिरवाई टिकवा’ असे बागायतदाराला सांगणे सोपे असते, पण त्या हिरवाईचा खर्च तो एकटाच उचलत असतो. गावाला सावली, विहिरींना पाणी आणि पर्यटकांना निसर्ग मिळतो. बागायतदाराच्या पदरात पडते ते फक्त पानाच्या जुडीचे पैसे.

राज्य सरकारने २०२० मध्ये आणलेले कृषी पर्यटन धोरण येथे काही प्रमाणात मदत करू शकते. शेती चालू ठेवून निवास-न्याहारी, शेतफेरी, स्थानिक जेवण यांतून उत्पन्न मिळवण्याची मुभा त्यात आहे. केळवे परिसरात घरगुती निवासाची पद्धत रुजलेलीच आहे. अट एवढीच की वाडी तोडून खोल्या बांधण्यापेक्षा वाडी ठेवून दोन खोल्या चालवणे शेतकऱ्याला परवडले पाहिजे. वाडीतून वाट काढून देणाऱ्या मालकाला त्याचे पैसे मिळाले, तर पर्यटकाला उद्यान मिळेल आणि मालकाची शेतीही राहील.

शहराला किती मोकळी जागा लागते?

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. २०११च्या जनगणनेत पालघर शहराची लोकसंख्या सुमारे ६९ हजार होती. किमान निकष धरला तरी तेव्हाच्या लोकसंख्येसाठी ६९ हेक्टर मोकळी जागा लागते. दादरचे शिवाजी पार्क सुमारे ११ हेक्टरचे आहे. म्हणजे पालघरला २०११ मध्येच शिवाजी पार्कएवढी सहा मैदाने हवी होती. त्यानंतर जिल्ह्याचे मुख्यालय आले आणि वस्ती वाढली.

इमारती बांधणाऱ्यांकडून काही जागा मिळते का? डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. ही जागा त्या संकुलातील रहिवाशांसाठी असते. त्याहून लहान भूखंडावर एकापाठोपाठ एक इमारती उभ्या राहिल्या तर असे बंधन येत नाही. स्थानकालगत वाढणाऱ्या गावांत बहुतेक बांधकाम अशाच लहान तुकड्यांवर होते. परिणामी वस्ती वाढते, पण मैदान वाढत नाही.

कायद्याचे संरक्षण कितपत आहे?

शहरातील झाडांसाठी १९७५चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार महापालिका, नगर परिषदेत वृक्ष प्राधिकरण असते. २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘पुरातन वृक्ष’ हा दर्जाही दिला. हा कायदा नावाप्रमाणेच नागरी क्षेत्रापुरता आहे. पालघर नगर परिषदेच्या हद्दीतील वडाला जे संरक्षण आहे, ते रस्त्याच्या पलीकडे ग्रामपंचायतीत उभ्या असलेल्या वडाला त्या कायद्याने मिळत नाही. तेथे १९६४चा झाडे तोडण्याबाबतचा अधिनियम लागू होतो आणि तो ठरावीक जातींपुरताच मर्यादित आहे. माहीम ग्रामपंचायत आहे. मोठे औद्योगिक शहर होऊनही बोईसरचा कारभार अनेक वर्षे ग्रामपंचायतीकडेच राहिला. वस्ती शहराची आणि झाडांना कायदा मात्र गावाचा, अशी ही स्थिती आहे.

किनाऱ्यासाठी १८ जानेवारी २०१९ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. वाळूच्या टेकड्या आणि कांदळवने यांना तीत सर्वाधिक संरक्षणाच्या गटात ठेवले आहे. ग्रामीण भागासाठी मात्र तिने एक मोठा बदल केला. २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरमागे २,१६१ हून अधिक लोकसंख्या असलेल्या गावांत ‘ना विकास क्षेत्र’ २०० मीटरवरून ५० मीटरपर्यंत घटवण्याची तरतूद तीत आहे. कमी घनतेच्या गावांत ते २०० मीटरच राहते. त्यामुळे आपले गाव कोणत्या गटात येते आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात भरतीची रेषा कोठे आखली आहे, हे ग्रामस्थांनी तपासणे महत्त्वाचे ठरते.

तिवरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश स्पष्ट आहेत. न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवन तोडता येत नाही, त्याभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. गायरान व गावाच्या सामाईक जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने तसा शासन निर्णय काढला. कायदे आहेत, मात्र ते तुकड्या-तुकड्यांनी आहेत. डोंगरापासून किनाऱ्यापर्यंतच्या हिरवाईचा एकत्र विचार करणारी तरतूद त्यांत नाही.

तारापूरचा धडा काय?

नियोजनात हिरवाई आधी धरली नाही तर काय होते, हे बोईसर-तारापूरने पाहिले आहे. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली. रोजगार आला, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ मधील सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. सांडपाण्याचा फटका नवापूर, दांडी परिसरातील मच्छीमारांना बसत असल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. लवादाने २०२२ मध्ये उद्योगांवर पर्यावरणीय भरपाईची जबाबदारी निश्चित केली.

मोठ्या उद्योगांच्या पर्यावरण मंजुरीत साधारणपणे ३३ टक्के हरितपट्ट्याची अट घातली जात आली आहे. लहान भूखंडांच्या दाट वसाहतीत असा पट्टा प्रत्यक्षात कुंपणालगतच्या झाडांच्या एखाद्या ओळीपुरताच उरतो. तो कारखान्याच्या आत असतो, शेजारच्या वस्तीतील मुलांना त्याचा उपयोग नसतो. माहीमलाही हा प्रश्न परका नाही. पालघरच्या बाजूने माहीम-वडराईकडे वाहत येणाऱ्या पाणेरीच्या प्रवाहात सांडपाणी येत असल्याबद्दल ग्रामस्थ आणि मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. खाडीकाठची तिवरे आणि वडराईचा किनारा कितीही सुंदर असला, तरी त्यात येणारे पाणी दूषित असेल तर तेथे फिरायला कोणी जाणार नाही आणि मासेमारीही टिकणार नाही.

ग्रामपंचायती आणि नागरिक काय करू शकतात?

सर्वात स्वस्त आणि तातडीचे काम म्हणजे नोंद. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. गावातील तळी, जुनी झाडे, देवराया, तिवरे, वाळूच्या टेकड्या, पानमळे आणि समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा यांची गट क्रमांकासह नोंद त्या वहीत झाली, तर उद्या एखाद्या प्रकल्पाच्या सुनावणीत ‘येथे काही नव्हते’ असे कोणाला म्हणता येणार नाही.

दुसरे काम पायवाटांचे. किनाऱ्यालगतच्या जमिनी विकल्या गेल्या की सर्वात आधी बंद होते ती समुद्रावर जाण्याची वहिवाट. किनारा सरकारी असला तरी तेथे पोहोचण्याची वाट खासगी कुंपणात गेली, तर तो किनारा लोकांसाठी खुला राहत नाही. ग्रामसभेच्या ठरावाने अशा वाटा निश्चित करून घेणे शक्य आहे.

तिसरे काम मैदानाचे. ग्रामपंचायतीच्या अधिकारातील विषयांत वृक्षलागवड, खेळ व करमणुकीच्या जागा यांचा समावेश होतो. ‘माझी वसुंधरा’ अभियानात ग्रामपंचायतींनाही गुण व पारितोषिके मिळतात. मोठे, खर्चिक उद्यान उभारण्याची गरज नाही. तळ्याकाठी सावली देणारी स्थानिक झाडे, चार बाके, ज्येष्ठांना चालण्यासाठी सपाट वाट आणि मुलांना खेळण्याएवढी मोकळी जमीन एवढ्यावरही गावाचे भागते. सुरूच्या बनात पोहोचू न शकणाऱ्या वृद्धांना आणि शाळेतून आल्यावर तासभर खेळू पाहणाऱ्या मुलांना हीच जागा उपयोगी पडते. आठवड्यातून एकदा जाण्याचा समुद्रकिनारा आणि रोज जाण्याची बाग या दोन वेगळ्या गरजा आहेत. एक आहे म्हणून दुसरी नको, असे होत नाही.

भेट देताना काय पाळावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सुखद. केळव्याला जाण्यासाठी केळवे रोड, तर माहीम, वडराई, शिरगावला जाण्यासाठी पालघर स्थानक सोयीचे आहे. पुढे रिक्षा आणि एसटी मिळतात. शक्यतो कामाच्या दिवशी किंवा रविवारी सकाळी लवकर जावे. समुद्रात पोहण्याआधी स्थानिकांना विचारावे आणि भरतीत पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि किनाऱ्यांवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते, ते मोडून वाघोबा खिंडीच्या धबधब्यावर जाऊ नये. सुरूच्या बनात चूल पेटवू नये, कारण खालचा सुक्या पानांचा थर चटकन पेट घेतो. वाळूवर गाडी घातल्यास मर्यादावेल चिरडली जाते. वाडीत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नये. पानमळा हे कोणाचे तरी पोट आहे, छायाचित्रासाठीची पार्श्वभूमी नाही.

पुढे काय?

पालघरचे नवे शहर कागदावर आखले जात असताना त्यात उद्यानांची आरक्षणे पडतील. सिडकोच्या हद्दीबाहेर, पालघर ते माहीम रस्त्याच्या दुतर्फा आणि बोईसरभोवतीच्या गावांत जी वस्ती आपोआप वाढते आहे, तिच्यासाठी मात्र कोणी जागा राखलेली नाही. प्रश्न तेथे आहे.

मुंबईतील माहीमचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील खाडीकाठी, धारावीलगत असलेल्या कचऱ्याच्या क्षेपणभूमीवर माती टाकून, झाडे लावून ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान तयार करावे लागले. ते १९९४ मध्ये खुले झाले. तिवरे, ताड, गोड्या पाण्याची तळी या गोष्टी एकदा गमावल्यावर परत उभ्या करण्यासाठी महानगराला किती वर्षे आणि किती कष्ट लागले, याचे ते उदाहरण आहे. पालघरच्या माहीमकडे या साऱ्या गोष्टी आज आहेत. सुरूचे बन वाडीला वाऱ्यापासून वाचवते, वाळू विहिरींना गोडे पाणी देते, वाडी गावाला सावली देते आणि तिवरे मासळीला आसरा देतात. त्यातली एक कडी तुटली तरी बाकीच्या फार काळ तग धरत नाहीत. म्हणून यापुढच्या प्रत्येक आराखड्यात या जागा ‘मोकळी जमीन’ म्हणून दाखवल्या जातात की गावाची हिरवाई म्हणून, हे ग्रामसभांनी आणि नगर परिषदेने हरकतींची मुदत संपण्याआधी पाहायला हवे.